डाव्या हाताची चौकशी

कप पडला आणि माझ्या डाव्या हाताने तो झेलला.

झालं ते एवढंच. ऑफिसातल्या कपाटावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. मी खालची फाइल ओढली, वरची थप्पी हलली, कप काठापर्यंत सरकला आणि खाली आला. माझा उजवा हात फाइलींनी भरलेला. पुढचं मला दिसलंच नाही. दचकले, पोटाशी काहीतरी गरम लागलं, आणि खाली बघते तर कप माझ्या डाव्या मुठीत. निम्मा चहा फरशीवर, उरलेला बोटांवरून ओघळतोय, आणि मूठ मात्र घट्ट. जन्मताना माझ्या मेंदूला कुठेतरी रक्त कमी पडलं आणि डावी बाजू आखडून राहिली. पाय थोडा ओढत चालतो, पण हाताने मात्र सगळ्याच कामांतून अंग काढून घेतलं. कोपरात दुमडलेला, मनगट खाली वळलेलं, बोटं मिटलेली. आमच्या घरात त्याला 'पाहुणा' म्हणतात. माझ्याकडे राहतो, खातो-पितो, काम काही करत नाही. त्या पाहुण्याने पडता कप धरला होता. मला पहिला विचार काय आला? भाजलं, हा नाही. आनंद तर नाहीच. कोणी पाहिलं, हा.

"वा! काय झेल घेतलात!" शेजारच्या टेबलावरून भिंग म्हणाले. भिंग हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळं ऑफिस त्यांना त्याच नावाने ओळखतं, कारण जखमांचे फोटो ते टेबलावरच्या मोठ्या भिंगातून बघतात. आमचं ऑफिस अपघाताचे विमा-दावे तपासतं. माणूस पडतो, मोडतो, पैसे मागतो. तो खरंच मोडला आहे की नाही हे आम्ही बघतो. म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, आणि या कामात मी चांगली आहे. एखाद्याने सांगितलं की कंबर वाकत नाही, तर मी बोलता बोलता माझं पेन त्याच्या पायाशी पाडते. शंभर नाटकं करणारा माणूस पडलेलं पेन बघून सज्जन होतो आणि पटकन वाकतो. वाकला की मी 'धन्यवाद' म्हणते आणि दावा बाजूला ठेवते. असे किती सज्जन मी घरी पाठवले असतील! आता माझा कप पडला होता, आणि भिंग माझ्याकडे बघून हसत होते. "डावखुऱ्या झालात की तुम्ही!" मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन दाराला कडी घातली, उजव्या हाताने एकेक बोट उलगडलं, तेव्हा कुठे कप सुटला. बोटांच्या आतल्या बाजूला लाल पट्टा उठला होता. त्यावर चिकटपट्टी लावली. भाजलं म्हणून नव्हे, पुरावा झाकायला.

कारण पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा होती. मी अपंगांच्या स्पर्धांत पोहते, आणि आमच्या पोहण्यात वर्ग असतात. कोणाचं शरीर पाण्यात किती चालतं ते बघून परीक्षक वर्ग ठरवतात, आणि मग ज्याचं जेवढं चालतं त्याला तेवढंच चालणाऱ्यांबरोबर पोहायला लावतात. या वर्षी नियम बदलले म्हणून माझ्यासारख्या सगळ्यांना पुन्हा तपासायचं ठरलं होतं. मी दोन पॅरालिम्पिक पाहिली. पहिल्यात अंतिम फेरीत सगळ्यांच्या मागून भिंत गाठली, दुसऱ्यात कांस्य मिळालं. तिसऱ्यात त्याच्या वरचं काहीतरी मिळेल असं मला पोहायला शिकवणाऱ्या सरांना वाटत होतं, आणि मला वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते. माझा वर्ग आहे तिथे राहिला तर मी जाणार होते. एक पायरी वर ढकलला, तर मला दोन्ही हात चालणाऱ्या मुलींशी पोहावं लागणार होतं. म्हणजे घरी बसावं लागणार होतं. वय झालंय. पाण्यात वय हवेपेक्षा लवकर होतं.

परीक्षक टेबलावर झोपवून आणि पाण्यात उतरवून बघतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत, असं आमच्यात म्हणतात. ते जेवणाच्या रांगेत बघतात, बसमधून उतरताना बघतात, तुम्ही पिशवी कोणत्या खांद्यावर घेता ते बघतात. खरं-खोटं कोण जाणे. पण परीक्षेच्या दिवसांत आमच्यातले सगळेच जरा जास्त लंगडतात, हा आमचा जुना विनोद आहे, आणि त्यावर हसताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायाकडे बघून घेतो. एका संघातल्या मुलीचं म्हणे कोणीतरी चित्रीकरण केलं होतं, गॅलरीत दोरीवर कपडे वाळत घालताना. दोन्ही हात वर! तिला वरच्या वर्गात टाकलं. ती एकदा सगळ्यांच्या शेवटी आली, आणि पुढे दिसली नाही. ते चित्रीकरण आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं, पण तिचे दोन्ही हात वर होते हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरले तर जिन्यापासून लोक माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. किंवा नेहमीच बघायचे आणि मला आता दिसलं. पाहणी विभागातली बाई म्हणाली, "ऐकलं बरं का कालचं! दाखवा ना तो झेल!" मी भिंगांकडे पाहिलं. ते खुशीत होते. "मी सगळ्यांना सांगितलं. अभिमान वाटला हो मला," ते म्हणाले. या माणसाने इतक्या वर्षांत कधी कुणाचा अभिमान बाळगलेला मला माहीत नाही. मी विचारलं, "सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?" "सगळ्यांना हो. घरीसुद्धा." घरी कोण असतं त्यांच्या? मेव्हणा. मेव्हणा काय करतो? एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारणं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. मी जागेवर बसले आणि डावा हात टेबलाखाली घेतला. तिथे त्याला हळूच म्हटलं, उघड. नाही उघडला. पुन्हा म्हटलं. मिटलेलाच. त्याच्यावर माझा विश्वास बसेना. समोर बसलेल्या माणसाने असं केलं असतं तर मी पेन पाडलं असतं.

हळूहळू मला असं वाटायला लागलं की हा हात पहिल्यापासून चांगला असणार. म्हणजे अगदी चांगला नसेल, पण जेवढा मी समजले होते तेवढा वाईटही नसणार. नाहीतर धरलं कसं त्याने? ज्याला काही येत नाही त्याला अचानक येत नाही. मग हे इतकी वर्षं कुठे होतं? आणि कोणाला माहीत होतं? दावा तपासताना आम्ही आधी हेच विचारतो, की फायदा कोणाचा? पाहुणा पाहुणाच राहण्यात फायदा कोणाचा होता? माझा होता. सरांचा होता. आणि असं एकेक बोट मोजत गेले की शेवटचं बोट आईवर यायचं. तिथे आले की मी उठून पाणी प्यायला जायचे.

मी लहान असताना आई माझा उजवा हात बांधायची. हे सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात, म्हणून मी कोणाला सांगत नाही. बाबांचा एक तपकिरी मफलर होता. बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा खुंटीवरच राहिला. दुपारी शाळेतून आलं की आई तो मफलर माझ्या उजव्या हाताभोवती गुंडाळून पाठीशी बांधायची, आणि समोर टेबलावर बटणं मांडायची. ती पडदे शिवायची. घरभर कापड असायचं, दोऱ्यांचे तुकडे पायांना चिकटायचे, शिलाई मशीनच्या आवाजाने खिडकीची काच थरथरायची. "उचल," आई म्हणायची आणि मशीन चालवायची. चांगला हात मोकळा असला की वाईट हात आळशी होतो, असं हाताच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. मी डाव्या हाताने बटणं ढकलायची, ती टेबलावरून खाली पडायची, मी ओरडायची. मफलरला धुळीचा आणि जुन्या तंबाखूचा वास होता. तो वास मला आजही रस्त्यात कुठे आला तरी माझा उजवा खांदा आपोआप मागे जातो. मशीन थांबायचं ते फक्त दोरा तुटला की. एकदा मी एक मोठं निळं बटण उचललं. म्हणजे उचललं असं मला आठवतं. टेबलापासून वर आलं आणि बोटांत राहिलं. आईने मशीन थांबवलं होतं, ती उठून आली होती, तिच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून तिला बोलता येत नव्हतं. हे खरं घडलं की मला घडायला हवं होतं, सांगता येत नाही. पण टाचण्या मला स्पष्ट दिसतात. टाचण्या कोण मनाने रचेल?

आणि मग मफलर बंद झाला. कधी झाला ते आठवत नव्हतं. एवढं आठवत होतं की त्याच सुमारास तलाव होता. निळ्या फरशीचा, घसा खवखवणाऱ्या वासाचा झाकलेला तलाव, जिथे प्रत्येक हाक दोनदा ऐकू यायची. एका वल्ह्याची होडी फिरते तशी मी पाण्यात गोल फिरायची. मुलं काठावर बसून हसायची. आईसुद्धा एकदा हसली होती, म्हणाली होती, "आमच्या पोरीचं सरळ काही नाही." तिथे सर आले. तेव्हा ते तरुण होते, गळ्यात शिट्टी, पायांत नेहमी ओल्या चपला. त्यांनी मला डोकं कुठे वळवायचं, उजवा पाय कधी जोराने मारायचा, हे दाखवलं. लोक जन्मतःच सरळ जातात, मला ते शिकावं लागलं, आणि एकदा शिकल्यावर मी कुणाला ऐकेना. पाण्यातले पट्टे आखणारी डाव्या बाजूची दोरी माझा खांदा सोलायची, टोपी दातांनी धरून चढवायला लागायची, पोहण्याचा घट्ट पोशाख एका हाताने वर ओढेपर्यंत बाकीच्या मुली पाण्यात उतरलेल्या असायच्या. पण पाण्यात एकदा शिरलं की पाहुणा माझ्या छातीशी गप्प पडून राहायचा आणि मी त्याला घेऊन जायची. सरांनी काठावर आईच्या शेजारी बसून तिला वर्ग समजावून सांगितले. मी पाण्यातून बघत होते. आई मान हलवत होती. त्यानंतर मला मफलर आठवत नाही.

त्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आईची धाकटी बहीण, तिच्या तोंडाला कुलूप नाही. मी सहज विचारलं, मला वाटलं अगदी सहज, की माझा हात लहानपणी कसा होता गं? "अगं, सुधारत होता की!" मावशी म्हणाली. "बटण उचललं होतंस तू. ताई रडली होती फोनवर. मग काय तुझं पोहणं सुरू झालं, आणि ताईने ते बांधणं-बिंधणं सोडूनच दिलं. मी म्हटलंसुद्धा तिला, अगं, आणखी थोडं कर. पण ताई कधी कुणाचं ऐकते?" मी फोन ठेवला. म्हणजे टाचण्या खऱ्या होत्या. हात सुधारत होता, वर्ग कळले, मफलर सुटला. या क्रमाने कागद माझ्या टेबलावर आले असते तर मी दुपारच्या आत निकाल दिला असता. मला आईचा राग आला आणि त्या रागाची भीती वाटली. माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत झोपणारी ही म्हातारी, जी अजून माझे टॉवेल वेगळे धुते, माझं पदक पुसून ठेवते, तिने माझा एक हात पदकाच्या बदल्यात दिला असेल का? आणि दिला असेल तर मी काय करायचं? परत मागायचा? कोणाकडे?

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी दारात उभी राहिले. विचारायच्या आधी मी मनात प्रश्न जुळवत होते, जसा ऑफिसात जुळवते, समोरच्याला वाट न देणारा.

"आई, तू मफलर बांधणं का बंद केलंस?"

तिची सुरी थांबली. मी ते टिपलं. "कुठला मफलर?"

"बाबांचा. तपकिरी."

"तो होय." सुरी पुन्हा चालू झाली. "तू पोहायला लागलीस ना. मग कशाला?"

"पण हात सुधारत होता."

"कोण म्हणालं?"

"मावशी."

"तिला काय कळतं! स्वतःच्या मुलाचा पाय मुरगळला तेव्हा तिने दुसऱ्याच पायाला पट्टी बांधली होती." ती हसली, पण माझ्याकडे न बघता. "आज काय तुझं? भूक लागलीये का?"

"सरांनी सांगितलं होतं का बंद करायला?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मग बटाट्याकडे पाहून म्हणाली, "तसं समज हवं तर." आणि नळ सोडला. नळ सोडणं म्हणजे आमच्या घरात बोलणं संपणं. मी खोलीत गेले आणि पलंगावर बसून राहिले. तसं समज हवं तर. ऑफिसात याला कबुली म्हणतात. दावेदार जेव्हा दमतो, तेव्हा तो 'नाही' म्हणत नाही, तो 'तसं समजा' म्हणतो. डावा हात मांडीवर पडला होता. मी त्याला उजव्या हातात घेतलं. तो नेहमीप्रमाणे गार होता. एकाएकी मला त्याची कीव आली. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

सरांना मी तलावावर गाठलं. त्यांच्या ओल्या चपलांचा आवाज तोच होता, केस तेवढे गेले होते. ते म्हणाले, "परीक्षेत जे आहे ते दाखव. कमी नको, जास्त नको." मी मान हलवली आणि पोशाख बदलायच्या खोलीत बाकावर बसले. कमी नको असं का म्हणाले? कमी दाखवायचा विचार कोणाच्या डोक्यात असल्याशिवाय कमी नको असं कोण म्हणतं? मला कोणी म्हटलं की चोरी करू नकोस, तर मी आधी त्याचे खिसे बघेन. भिंगांनी सांगितलं असेल का? की सरांना पहिल्यापासून माहीत होतं? त्या दिवशी पाण्यात मी पुन्हा डावीकडे वाहावत गेले, दोरीला खांदा घासला, सर काठावरून ओरडले, "कुठे चाललीस? सरळ!" किती दिवसांनी असं झालं होतं. मला वाटलं, पाहुणा मुद्दाम ओढतोय.

परीक्षेच्या सकाळी आई बरोबर आली. मी येऊ नको म्हटलं होतं. ती तयार होऊन दारात उभी होती, हातात माझी पिशवी, त्यात कोरडे मोजे. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि दोघींनी दोन दिशांना बघितलं. खरं सांगायचं तर तोवर माझी भीती बदलली होती. आधी भीती होती की हात चालला तर वर्ग जाईल. आता मला तो चालायला हवा होता. वर्गही हवा होता, आणि हातही हवा होता, आणि दोन्ही मिळणार नव्हते, आणि यातलं काय जास्त हवंय हे मला कोणी विचारू नये असं वाटत होतं. पण एवढं ठरवलं होतं की मी पूर्ण जोर लावणार. वर्गासाठी नाही, नियमासाठीही नाही. मला कळायला हवं होतं की माझं काय नेलं गेलंय.

खोली छोटी होती. रेक्झीन लावलेलं टेबल, भिंतीवर घड्याळ नाही, खिडकीला पांढरा पडदा, ज्याची शिवण उसवलेली होती. आईला ते लगेच दिसलं असतं. एक डॉक्टर बाई, बोटं बर्फासारखी, आणि एक गृहस्थ जे फक्त लिहीत होते. बाईंनी आधी पाय वाकवला, सोडला, ढकलायला सांगितलं. मग त्यांच्या खिशातलं पेन खाली पडलं. माझ्या डाव्या बाजूला, हात पोचेल इतक्या जवळ. मी पेनाकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला इतकं हसू आलं की टेबल हललं. माझाच डाव माझ्यावर! बाई स्वतःच वाकल्या, पेन उचललं, "सॉरी हं, खिसा फाटलाय," म्हणाल्या आणि खरोखरच फाटका खिसा दाखवला.

"आता बोटं उघडा," त्या म्हणाल्या.

मी उघडायला गेले. सगळं अंग त्या हातात लोटलं. खांद्यापासून, मानेपासून, पोटापासून. दात आवळले. उजवा हात कडक झाला, उजवी मूठ आपोआप मिटली, पाय ताठ झाले. निळं बटण समोर आणलं. मशीनचा आवाज आणला. उघड, म्हटलं, एकदा उघड, वर्ग गेला तर गेला, मी पुन्हा तुला काही मागणार नाही. अंगठा जरासा हलला. मनगट आणखी खाली वळलं. बोटं मिटलेलीच. "पुरे, पुरे," बाई म्हणाल्या, "एवढा जोर नका लावू." मी म्हटलं, "अजून एकदा." त्यांनी लिहिणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. अजून एकदा केलं. काही झालं नाही.

मग बाईंनी आपल्या हाताने माझी बोटं उलगडली आणि चिकटपट्टी दिसली. त्यांनी ती हलकेच सोलली. "हे कसं भाजलं?"

इतके दिवस जे लपवलं ते मी एका दमात सांगितलं. कप, कपाट, फाइली, झेल. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, तेही सांगितलं. मीच माझ्याविरुद्ध साक्ष देत होते आणि मला हलकं वाटत होतं. "म्हणजे हाताला येतं," मी म्हटलं. "तुम्ही नीट बघा. त्याला धरता येतं."

बाईंनी त्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं. "चहा गरम होता?"

"उकळता."

"मग सोडला का नाहीत?"

एकेक बोट उजव्या हाताने उलगडलं होतं, बाथरूममध्ये, कडी घालून. ते मी स्वतः केलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. बाईंनी काही न सांगता तळहाताने टेबलावर जोरात थाप मारली. मी दचकले. डावा हात छातीशी गेला आणि मूठ आवळली गेली. "हे बघा," त्या म्हणाल्या. "दचकलात की तुमची ही सगळी बाजू आखडते. कप मध्ये आला म्हणून मुठीत सापडला. धरायचं म्हणून धरला असता, तर भाजल्याबरोबर सुटला असता. मिटणं सोपं असतं. उघडणं म्हणजे हात." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, दिवसातून अनेकांना सांगत असाव्यात तसं. पाण्यातली परीक्षा झाली, मी सरळ पोहले, आणि ओल्या केसांनी उभी असताना त्यांनी सांगितलं की वर्ग आहे तोच राहील. "अभिनंदन," गृहस्थ म्हणाले. तेवढंच ते बोलले.

वर्ग राहिला, आणि मला रडू यायला लागलं. मला वाटत होतं, माझं काहीतरी चोरीला गेलंय. चोरी झाली की माणसाला राग असतो, संशय असतो, पोलीस असतात, वस्तू कुठेतरी आहे एवढं तरी असतं. आता कळलं की घरात ती वस्तू नव्हतीच.

आई बाहेरच्या बाकावर मोजे मांडीवर घेऊन बसली होती. माझं तोंड बघून उठली. "काय झालं? गेला वर्ग?"

"राहिला."

"मग रडतेस काय?"

मी तिच्या शेजारी बसले. सांगितलं. कप सांगितला, थाप सांगितली, उघडणं म्हणजे हात हे सांगितलं. ती ऐकत होती आणि मोज्यांची जोडी एकात एक सारत होती. तिला नवल वाटलं नाही. मी माणसं बघते, पोटासाठी बघते. तिच्या चेहऱ्यावर यातलं काहीच नवीन नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"केव्हापासून?"

"ते बटण उचललंस ना, तेव्हा तुला नाचतच नेलं होतं मी हाताच्या डॉक्टरांकडे." ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "त्यांनी तपासलं. म्हणाले, बाई, यायचं तेवढं आलंय. एखादं बटण येईल, एखादं नाही येणार. आता बांधाल तर पोरगी नुसती रडेल. मी मफलर तिथेच त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला. येताना वाटेत तलाव लागला. म्हटलं, हिला दुपारी करायला काहीतरी हवं."

म्हणजे मी पोहायला लागले म्हणून मफलर सुटला नव्हता. मफलर सुटला म्हणून मला पाण्यात टाकलं होतं. माझी सगळी कारकीर्द, दोन पॅरालिम्पिक, कांस्य, हे एका दुपारी करायला काही नाही म्हणून सुरू झालं होतं. मी कागद उलटे लावले होते.

"मग मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी विचारलं तेव्हा? मी तुझ्याबद्दल काय काय विचार केला तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. तोंडावर दिसत होतं." आईने मोजे माझ्या मांडीवर ठेवले. "मला वाटलं, हिला वाटतंय आणखी काही करता आलं असतं, तर वाटू दे. माझ्यावर रागावशील, रागाव. मी आहे रागवायला. काहीच करता येण्यासारखं नव्हतं, हे कळल्यावर माणूस कोणावर रागावणार गं?"

तिने माझा डावा हात तिच्या दोन हातांत घेतला होता, लहानपणी पाण्यातून आल्यावर ऊब द्यायला घ्यायची तसा. तिची बोटं सुयांनी खरखरीत झालेली आहेत. तेवढ्यात तलावाचं मोठं दार कोणीतरी धाडकन सोडलं, मी दचकले, आणि पाहुण्याची मूठ तिच्या बोटांवर घट्ट मिटली. तिला दुखलं असणार, ती जराशी कळवळली. मी सवयीने उजवा हात पुढे केला, बोटं उलगडायला.

"राहू दे," आई म्हणाली.

आम्ही तशाच बसून राहिलो. माणसं येत-जात होती, ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटत होते आणि वाळत होते. कोणी आमच्याकडे बघत असेल तर मला दिसलं नाही. मूठ दाराच्या आवाजाने मिटली होती की आणखी कशाने, ते मी तपासलं नाही.